वाचकांचे प्रश्न : स्कूबाची बोट आणि बचावाची तयारी

मालवण-तारकर्लीच्या समुद्रपर्यटनावरील आमच्या मागील लेखानंतर आलेल्या बहुतेक पत्रांचा रोख एकच होता : पाण्याखाली किंवा बोटीवर काही विपरीत घडले, तर पुढे काय? पावसाळ्यातील जलपर्यटन-बंदीचा काळ, म्हणजे साधारणपणे २६ मे ते ३१ ऑगस्ट, संपला की सिंधुदुर्गच्या किनाऱ्यावर पुन्हा गर्दी होते. त्याआधी या पत्रांतील निवडक प्रश्नांना उत्तरे देणे आम्हाला आवश्यक वाटले.

प्रश्न : दिवाळीच्या सुट्टीत आम्ही सहा जण मालवणला जाणार आहोत. बरोबर दोन शाळकरी मुले आहेत आणि आमच्यापैकी कोणालाही पोहता येत नाही. स्कूबा करावे अशी मुलांची फार इच्छा आहे. बोटीवर बचावाची तयारी आहे की नाही, हे आमच्यासारख्या अनभिज्ञ माणसांनी कशावरून ओळखावे? फोनवर विचारले तर ‘काही होत नाही, निर्धास्त या’ एवढेच सांगतात.
— एक वाचक, पुणे

उत्तर : आपण सर्वांत आधी एकच गोष्ट विचारा : सगळे प्रशिक्षक पाण्यात असताना बोटीवर कोण राहणार आहे? पर्यटकांसाठीच्या या पहिल्या अनुभवात प्रत्येक पर्यटकाबरोबर एक प्रशिक्षक असतो, तो पाठीवरची हवेची टाकी आणि जॅकेट धरून त्याला सांभाळत नेतो, आणि ही पद्धत चांगली आहे. मात्र पाण्याखाली असलेल्या माणसाला दुसरी दुर्घटना हाताळता येत नाही. एखादा पर्यटक घाबरून वर आला, त्याने मास्क ओढून काढला आणि त्याच्या नाकातोंडात पाणी गेले, तर त्याच्याकडे पहिली नजर बोटीवरच्या माणसाची जायला हवी, आणि ती काही सेकंदांत जायला हवी. तो माणूस त्या वेळी पुढच्या गिऱ्हाईकाला पट्टे बांधत असेल, फोनवर बोलत असेल किंवा हौसेने कोणाचे फोटो काढत असेल, तर बोटीवरची बाकीची सगळी सामग्री असून नसल्यासारखी आहे.

या माणसाने पाण्यात उतरायचे नसते. बुडबुडे कुठे येत आहेत, वारा कोणत्या बाजूला फिरला आहे, शेजारची बोट किती जवळ आली आहे, याकडे त्याचे लक्ष असावे लागते. खाली किती जण गेले आणि वर किती आले, याची लेखी नोंद त्याच्याजवळ हवी. त्याला बोट चालवता यायला हवी, किंवा बोट चालवणारा तांडेल त्याच्याशेजारी वेगळा असायला हवा. त्याला सीपीआर, म्हणजे छाती दाबून आणि तोंडाने श्वास देऊन जीव वाचवण्याचा उपचार, देता यायलाच हवा. मालवणच्या अनेक जागा सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आसपास, जेटीवरून दिसतील इतक्या जवळ आहेत, आणि ‘किनारा काय, हाकेच्या अंतरावर आहे’ असा दिलासा त्यामुळेच दिला जातो. पण श्वास आणि हृदय थांबल्यावर चार ते सहा मिनिटांत मेंदूला कायमची इजा होऊ लागते. पाण्यातली माणसे गोळा करून, नांगर उचलून, इंजिन सुरू करून जेटी गाठायला याहून जास्त वेळ लागतो. म्हणून जीव वाचवण्याचे पहिले काम बोटीवरच व्हावे लागते.

त्यानंतर ‘आणीबाणीत द्यायचा ऑक्सिजन दाखवा’ असे सांगा. सिलिंडर आहे, एवढ्या उत्तरावर थांबू नका. पेटी उघडायला लावा, मास्क जोडलेला आहे का ते पाहा आणि दाबाचा काटा किती दाखवतो ते बघा. सिलिंडर उघडण्याची किल्ली त्यालाच दोरीने बांधलेली असेल, तर तिथे कोणीतरी विचार केला आहे असे समजा. ती ‘ऑफिसात आहे’ असे उत्तर आले, तर दुसरी बोट बघा. जो चालक असे प्रश्न ऐकून चिडतो, त्याच्याबरोबर समुद्रात जाऊ नये, असे आमचे स्पष्ट मत आहे.

मुलांबद्दल एक सूचना. बहुतेक आंतरराष्ट्रीय प्रशिक्षण संस्था समुद्रातील पहिल्या अनुभवासाठी १० वर्षे हे किमान वय धरतात. त्याहून लहान मुलाला कोणी ‘चालतंय हो’ म्हणून घेत असेल, तर नकार आपणच द्यावा. दमा, हृदयविकार, फिट येणे, कानाचे दुखणे, साधी सर्दीसुद्धा आरोग्याच्या फॉर्मवर लपवू नका. पैसे भरून झाले आहेत आणि मुले हिरमुसतील, या विचाराने लपवलेला दमा पाण्याखाली सहा मीटरवर लपून राहत नाही.

प्रश्न : मी पोहण्यात तरबेज आहे. ही स्कूबा जेमतेम पाच-सात मीटर खोलीवर होते, तेवढे अंतर तर मी एका दमात वर येईन. मग एवढ्या उथळ पाण्यात धोका कसला?
— एक वाचक, ठाणे

उत्तर : ‘एका दमात वर येईन’ यातच धोका आहे. समुद्रसपाटीवर हवेचा जो दाब असतो, तो दहा मीटर खोलीवर दुप्पट होतो. टाकीतून आपण जी हवा घेतो, ती त्या खोलीच्या दाबाची असते. म्हणजे दहा मीटरवर छाती भरून घेतलेला श्वास रोखून माणूस पृष्ठभागावर आला, तर त्या हवेचे आकारमान दुप्पट होऊ पाहते आणि फुप्फुसांना तितके ताणता येत नाही. दाबातील बदल सर्वांत झपाट्याने होतो तो पृष्ठभागालगतच्या मीटरांमध्ये. त्यामुळे छाती भरलेली असेल, तर दीड मीटरवरून श्वास रोखून वर येणेही फुप्फुसाला इजा करू शकते. पाण्यावरच श्वास घेऊन बुडी मारणाऱ्या पोहणाऱ्याला ही भीती नसते, कारण त्याची हवा खाली दाबली जाते आणि वर येताना मूळ आकाराची होते. टाकीची हवा घेणाऱ्याचे तसे नाही. म्हणूनच ‘श्वास कधीही रोखू नका’ हा पहिला नियम असतो.

फुप्फुसातून निसटलेले हवेचे बुडबुडे रक्तात शिरून मेंदूकडे गेले, तर वर आल्यावर काही मिनिटांतच, बहुधा दहा मिनिटांच्या आत, माणूस बेशुद्ध पडतो, त्याची एक बाजू लुळी पडते, बोलणे अडखळते किंवा दिसेनासे होते. पाहणाऱ्याला तो पक्षाघात वाटतो. बोटीवरच्या माणसाने अशा वेळी ‘घाबरला असेल, पाणी द्या, बसू द्या’ असे म्हणू नये. त्याला आडवे झोपवावे, लगेच ऑक्सिजन सुरू करावा आणि किनाऱ्याकडे निघावे. पाय वर आणि डोके खाली ठेवण्याचा जुना सल्ला आता मागे पडला आहे. सपाट झोपवणे पुरेसे आहे, आणि बेशुद्ध पण श्वास चालू असलेल्याला कुशीवर वळवावे. ‘पुन्हा खाली नेऊन सावकाश वर आणू’ हा उपाय तर कधीही करू नये.

प्रश्न : मी देवगडकडचा. आमची स्वतःची बोट आहे आणि यंदापासून मुलगा स्कूबाचा व्यवसाय सुरू करत आहे. प्रथमोपचार पेटी, लाईफ जॅकेट, बोया, अग्निशामक हे सर्व घेतले आहे. ऑक्सिजनचा खर्चही करावाच का? आणि केला तर केवढा सिलिंडर घ्यावा?
— एक बोटमालक

उत्तर : ऑक्सिजन घ्याच, आणि बाकीच्या खर्चाआधी घ्या. प्रथमोपचार पेटीतले मलम, पट्टी, गोळ्या स्कूबातल्या जीवघेण्या प्रसंगी कामाच्या नाहीत. बुडून वाचलेला माणूस, फुप्फुसाला इजा झालेला माणूस आणि वर येताना दाब घटल्यामुळे रक्तात नायट्रोजनचे बुडबुडे झालेला माणूस, या तिघांनाही बोटीवर देता येण्यासारखे सर्वांत मोठे साधन म्हणजे शुद्ध ऑक्सिजन. कोणत्या प्रकारची इजा आहे हे बोटीवर ठरवता आले नाही तरी चालते. तिन्हींत पहिला उपचार तोच आहे.

सिलिंडर किती मोठा हवा, याचा हिशेब सोपा आहे. पिशवी असलेल्या मास्कने ऑक्सिजन द्यायचा, तर मिनिटाला साधारण १५ लिटर लागतो. दहा लिटर पाणी मावेल एवढा सिलिंडर १५० बार दाबाने भरला, तर त्यात सुमारे १,५०० लिटर वायू असतो. म्हणजे तो १०० मिनिटे पुरतो. आता आपल्या जागेपासून जेटीपर्यंतचा वेळ, रुग्णवाहिका येईपर्यंतचा वेळ आणि रुग्णालयापर्यंतचा रस्ता यांची बेरीज करा. मालवणहून ओरोसचे जिल्हा रुग्णालय सुमारे तासाभराच्या अंतरावर आहे. गंभीर रुग्ण पुढे गोव्याला बांबोळीच्या वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात नेण्याची वेळही येते. आपल्या देवगडहून ही बेरीज जास्तच होईल. एकाच वेळी दोघांना गरज पडू शकते, हेही धरून चाला. लहानसा, दहा-पंधरा मिनिटांचा सिलिंडर दाखवण्यापुरता ठेवण्यात अर्थ नाही.

ऑक्सिजनजवळ तेल, ग्रीस किंवा डिझेलचे हात जाऊ देऊ नका, कारण दाबाखालच्या ऑक्सिजनमध्ये तेलकट पदार्थ पेट घेतात. बोटीवर इंजिनाचे काम करणारे आणि ऑक्सिजन उघडणारे हात बरेचदा एकच असतात, म्हणून पेटीत साबण आणि कोरडे फडके ठेवा. व्हॉल्व्ह सावकाश उघडा. आसपास विडी-सिगारेट नको. खाऱ्या हवेने रेग्युलेटर आणि किल्ली गंजते, मास्कचे रबर चिकट होते, म्हणून रोज सकाळी निघण्यापूर्वी काटा पाहून वहीत आकडा लिहा. ही सवय मुलाला पहिल्या दिवसापासून लावा.

प्रश्न : आमच्या केंद्रातील सर्व प्रशिक्षकांकडे बचावाचे प्रमाणपत्र आहे. तरी दर महिन्याला सराव घ्यावा असे काही जण सुचवतात. हंगामात रोज दहा फेऱ्या असताना ते व्यवहार्य आहे का?
— एक केंद्रचालक, मालवण

उत्तर : व्यवहार्य आहे, आणि हंगामातच आहे. एक सराव करून पाहा. मग प्रमाणपत्र आणि तयारी यांतील अंतर आपोआप कळेल. एका प्रशिक्षकाला सांगा की तू पंचवीस मीटर अंतरावर पालथा, निश्चल तरंगत राहा. बोटीवरच्यांना आधी काही सांगू नका. कोणाच्या लक्षात किती वेळाने आले, इथपासून मोजायला सुरुवात करा.

मग पुढचे पाहा. बेशुद्ध माणसाला उताणे करायचे, त्याचा वजनांचा पट्टा सोडायचा, त्याच्या बीसीडीत, म्हणजे टाकी अडकवलेल्या फुगवता येणाऱ्या जॅकेटमध्ये, हवा भरायची, तोंड पाण्याबाहेर धरायचे आणि बोटीकडे ओढत आणायचे. बोट त्याच्याकडे नेली तर इंजिनाचा पंखा माणसापासून लांब आणि शेवटच्या टप्प्यात बंद हवा. खरी कसोटी त्यापुढे आहे. टाकीसह माणूस फायबर बोटीच्या काठावरून आत घेणे दोघांनाही जमत नाही, हे पहिल्याच सरावात कळते. टाकी व बीसीडी पाण्यातच काढून टाकावी लागते, शिडी मधे येते, आणि ओल्या अंगावर हात ठरत नाही. काही बोटींवर काठावरून खाली सोडण्याचे जाड कापड किंवा जाळे ठेवतात, त्यात माणसाला गुंडाळून दोघे जण वर ओढतात. कोळी बांधवांच्या घरी जुन्या जाळ्यांची कमतरता नाही, त्यामुळे ही सोय स्वस्तात होते.

आत घेतल्यावर पोट दाबून पाणी काढण्याची आपल्याकडे फार जुनी सवय आहे. ती मोडावी लागेल. त्यात मोलाची मिनिटे जातात आणि पोटातले अन्न श्वासनलिकेत जाण्याचा धोका वाढतो. श्वास चालत नसेल, तर बुडालेल्या माणसाला आधी दोन ते पाच श्वास द्यावेत आणि मग छातीवर ३० दाब व दोन श्वास असे चक्र चालू ठेवावे. दाबाचा वेग मिनिटाला १०० ते १२० आणि खोली मोठ्या माणसात पाच ते सहा सेंटिमीटर. हलत्या बोटीवर गुडघे टेकून हे करण्यासाठी सपाट, मोकळी जागा लागते. ती जागा टाक्यांनी अडलेली असेल, तर तेही सरावातच दिसेल.

दोन गोष्टी बहुतेक सरावांत राहून जातात. पहिली, खाली असलेल्या बाकीच्यांना परत बोलावण्याची खूण. शिडीवर किंवा टाकीवर धातूने ठरावीक ठोके मारणे ही साधी खूण पुरते, पण ती बुडीपूर्वी प्रत्येक प्रशिक्षकाला ठाऊक हवी. दुसरी, नांगर. आणीबाणीत तो ओढत बसू नये. दोराला बोया बांधलेला असेल, तर दोर सोडून देऊन निघता येते आणि नांगर मागाहून मिळतो. कोणी अजून पाण्याखाली असेल, तर त्यांना शेजारच्या बोटीने उचलायचे, असा शेजाऱ्यांशी आधीच शब्द झालेला असावा. मालवणात बोटी एकमेकींच्या जवळ उभ्या असतात, धंद्यातील चुरस कितीही असली तरी संकटात सगळे धावून येतात, हे आम्ही पाहिले आहे. ते धावणे ठरवून झाले तर अधिक उपयोगी पडेल.

सराव संपल्यावर सर्वांना अर्धा तास द्या आणि जे चुकले ते लिहून ठेवा. महिन्याकाठी एवढा वेळ दहा फेऱ्यांच्या दिवसातूनही काढता येतो.

प्रश्न : आणीबाणीत नेमका कोणता क्रमांक लावायचा?
— एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : समुद्रातील शोध व बचावासाठी भारतीय तटरक्षक दलाचा निःशुल्क क्रमांक १५५४ आहे. एकत्रित आपत्कालीन क्रमांक ११२ आणि रुग्णवाहिकेसाठी १०८. बोटीवर व्हीएचएफ रेडिओ असेल तर वाहिनी १६. जागा, किती माणसे, काय झाले आणि कोणत्या जेटीवर येत आहात, हे याच क्रमाने सांगा. हे चारही आकडे बोटीवर सुकाणूजवळ रंगाने लिहिलेले असावेत.

प्रश्न : मे २०२२ मध्ये तारकर्लीला झालेल्या दुर्घटनेपासून आमच्या घरात स्कूबाचे नाव काढू देत नाहीत. ही भीती रास्त आहे का?
— एक वाचक, डोंबिवली

उत्तर : २४ मे २०२२ रोजी तारकर्लीच्या समुद्रात स्कूबाहून परतणारी पर्यटकांची बोट उलटली आणि त्यात दोन पर्यटकांचा मृत्यू झाला. आपल्या घरच्यांची भीती आम्ही उडवून लावणार नाही. या घटनेत लक्षात घेण्यासारखी गोष्ट अशी की बोट परतीच्या वाटेवर होती. पर्यटक आणि चालक दोघांचेही लक्ष पाण्याखालच्या वीस मिनिटांवर असते, आणि जाण्यायेण्याचा प्रवास बिनधोक धरला जातो. मे महिन्याच्या अखेरीस समुद्र खवळू लागतो आणि किनाऱ्याजवळ फुटणाऱ्या लाटा भरलेल्या बोटीला सहज आडव्या घेतात. म्हणून लाईफ जॅकेट जाताना आणि येताना, शेवटचा माणूस जेटीवर उतरेपर्यंत अंगात असावे, पट्टे आवळलेले असावेत आणि मुलांना मुलांच्या मापाचे असावे. बोटीत परवान्यापेक्षा एक जरी माणूस जास्त दिसला, तरी आपण उतरून जावे. मे अखेरीऐवजी नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ निवडल्यास समुद्र शांत आणि पाणीही स्वच्छ मिळते.

प्रश्न : आम्ही मित्र परदेशात, रात्रीही बोटीवरच मुक्काम असणाऱ्या डायव्हिंग सहलीला जात आहोत. तेथे वेगळे काय पाहावे?
— एक वाचक, नाशिक

उत्तर : आग आणि हजेरी. २ सप्टेंबर २०१९ रोजी पहाटे कॅलिफोर्नियाच्या सांताक्रूझ बेटाजवळ ‘कन्सेप्शन’ या डायव्हिंग बोटीला आग लागली आणि खालच्या झोपायच्या कक्षातील ३३ प्रवासी व एक कर्मचारी अशा ३४ जणांचा मृत्यू झाला. रात्री फिरता पहारा ठेवलेला नव्हता, हे चौकशीत पुढे आले आणि कप्तानाला २०२४ मध्ये चार वर्षांची शिक्षा झाली. आपण बोटीवर चढल्यावर झोपायच्या जागेतून बाहेर पडण्याचे दोन मार्ग कोणते ते स्वतः चालून पाहा, दुसरा मार्ग अंधारात उघडता येतो का ते तपासा, आणि रात्री जागा कोण असतो हे नाव घेऊन विचारा. मोबाइल व कॅमेऱ्याच्या बॅटऱ्या झोपताना चार्जिंगला लावून ठेवू नका.

हजेरीबद्दल ऑस्ट्रेलियातील उदाहरण आजही सांगितले जाते. जानेवारी १९९८ मध्ये ग्रेट बॅरिअर रीफवर एक अमेरिकी जोडपे पाण्यात असतानाच त्यांची बोट परत निघून गेली. बोटीवर राहिलेल्या त्यांच्या सामानावरून ही गोष्ट उघडकीस यायला दोन दिवस लागले आणि ते दोघे कधीच सापडले नाहीत. डोकी मोजताना मोजणारा चुकतो, कोणीतरी पुन्हा पाण्यात उडी मारतो, कोणाची दोनदा मोजणी होते. नाव पुकारून, प्रत्येकाचा आवाज ऐकून किंवा सही घेऊनच बोट हलली पाहिजे.

प्रश्न : माझा मुलगा मालवणात स्कूबा प्रशिक्षक आहे. हंगामात तो दिवसातून कितीतरी वेळा पर्यटकांना घेऊन खाली-वर करतो. हल्ली रात्री त्याचा खांदा आणि कोपर दुखतो, हाताला मुंग्या येतात. तो म्हणतो, टाक्या उचलून दुखतो. मी बाम चोळते. हे काळजीचे आहे का?
— एक आई, मालवण

उत्तर : हो, बाम थांबवून त्याला डॉक्टरांकडे न्या, आणि तो दिवसाला किती वेळा, किती खोल जातो हे डॉक्टरांना सांगायला लावा. बचावाच्या चर्चेत पर्यटकाचाच विचार होतो, पण बोटीवर सर्वांत जास्त वेळ दाबाखाली राहणारा माणूस प्रशिक्षक असतो. पर्यटकाची एक बुडी उथळ आणि थोडक्या वेळाची असते. प्रशिक्षकाच्या बुड्या एकावर एक साठत जातात, त्याच्या शरीरातला नायट्रोजन पूर्ण बाहेर पडण्याआधीच तो पुन्हा खाली जातो, आणि घाबरलेल्या पर्यटकाबरोबर त्याला अनेकदा वेगाने वर यावे लागते. सांधेदुखी कष्टाचीही असू शकते, पण बुडीनंतर काही तासांत सुरू होणारी दुखी आणि मुंग्या ही दाबाच्या आजाराची, म्हणजे अंगात नायट्रोजनचे बुडबुडे झाल्याची, लक्षणे असू शकतात. तपासणी होईपर्यंत त्याने पाण्यात उतरू नये. लक्षणे बुडीनंतर लगेच आली, किंवा पायात अशक्तपणा, चक्कर, लघवी अडणे असे काही झाले, तर बोटीवरचा ऑक्सिजन लावून थेट जिल्हा रुग्णालय गाठावे. या आजाराचा पक्का उपचार दाबकक्षात, म्हणजे हवेचा दाब वाढवता येणाऱ्या बंद खोलीत होतो. मुंबईत कुलाब्याच्या नौदलाच्या अश्विनी रुग्णालयात तशी सोय आहे, आणि तेथे हलवण्याचा निर्णय व संपर्क डॉक्टरांमार्फत व्हावा. विमानाने किंवा घाटातून न्यायचे झाले, तर उंचीमुळे त्रास वाढतो, हेही त्यांना सांगावे.

आणि केंद्रचालकाला आपण स्वतः जाऊन भेटा. प्रत्येक प्रशिक्षकाच्या दिवसाच्या बुड्यांना मर्यादा, मधे पुरेशी विश्रांती आणि त्याची वहीत नोंद, हे मागण्याचा आपल्याला पूर्ण अधिकार आहे. एकट्या आईचे ऐकले नाही, तर इतर मुलांच्या घरच्यांना बरोबर घेऊन जा.